शिफ्ट : एका शब्दाची गोष्ट

इंग्रजी शाळेचे तोंडही न पाहिलेल्या माणसाला शंभर तरी इंग्रजी शब्द येतात. तिकीट, स्टेशन, बस, बिल, डॉक्टर, पोलीस हे शब्द त्याला कुणी पाटीवर लिहून शिकवलेले नसतात. कानावर पडले, कामाला आले, म्हणून ते जिभेवर बसले. पण जो शब्द आपण रोज बोलतो त्याचा नीट अर्थ काय, तो आला कुठून, हे आपण सहसा विचारीत नाही. आज असाच एक शब्द घेऊ. तो शब्द म्हणजे ‘शिफ्ट’.

भिवंडीच्या निजामपुऱ्यात हा शब्द ऐकला नाही असा दिवस जात नाही. भिवंडी यंत्रमागांचे गाव. नगरपालिकेच्या नावातसुद्धा भिवंडी आणि निजामपूर ही दोन्ही नावे जोडीने होती, आणि आताच्या महानगरपालिकेच्या नावातही ती आहेत. इथे मागाला ‘लूम’ म्हणतात आणि कामाच्या पाळीला ‘शिफ्ट’. “तुझी शिफ्ट कोणती?” “या आठवड्यात रातची.” एवढ्या दोन वाक्यांत माणूस कधी झोपणार, कधी जेवणार, मुलांशी कधी बोलणार, हे सगळे कळते.

एक शब्द, चार कामे

आधी हा शब्द आपण कुठे कुठे वापरतो ते पाहू.

पहिले काम कारखान्यातले. ‘दिवसाची शिफ्ट’, ‘रातची शिफ्ट’. इथे शिफ्ट म्हणजे पाळी. एका माणसाने किंवा एका टोळीने सलग करायच्या कामाची वेळ.

दुसरे काम घरातले. “आम्ही गेल्या महिन्यात घर शिफ्ट केलं.” इथे शिफ्ट म्हणजे हलवणे. बिऱ्हाड एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे. गंमत अशी, की खुद्द इंग्लंडातली माणसे घर बदलताना बहुधा दुसरा शब्द वापरतात. घरासाठी ‘शिफ्ट’ म्हणण्याची चाल आपल्याकडे जास्त आहे.

तिसरे काम दवाखान्यातले. डॉक्टर सांगतात, “पेशंटला ठाण्याला शिफ्ट करा.” हे ऐकून पुष्कळ जण घाबरतात. वास्तविक अर्थ एवढाच, की रोग्याला दुसऱ्या दवाखान्यात हलवायचे आहे. अशा वेळी घाबरून गप्प राहू नये. तीन गोष्टी विचाराव्यात. कोणत्या दवाखान्यात न्यायचे? का न्यायचे? बरोबर कोणते कागद द्याल? शब्दाचा अर्थ ठाऊक असला म्हणजे प्रश्न विचारायला तोंड उघडते.

चौथे काम मोबाइलवरचे. इंग्रजी अक्षरे टाइप करताना एक वर तोंड केलेला बाण दिसतो. ती शिफ्टची कळ. ती दाबली की लहान अक्षराच्या जागी मोठे अक्षर येते. मराठीतही ती उपयोगी आहे. सरकारने ठरवलेल्या कळपाटीत ज्या कळीवर ‘क’ आहे, तीच कळ शिफ्टसह दाबली की ‘ख’ येतो. ‘त’च्या कळीवर शिफ्टने ‘थ’ येतो. या कळीला शिफ्ट नाव पडले ते जुन्या टाइपरायटरवरून. १८७८ साली अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीचे दुसरे यंत्र निघाले. त्यात एकाच दांडीवर लहान व मोठे अशी दोन अक्षरे कोरलेली होती. कळ दाबली की यंत्राचा भाग खरोखरच जागेवरून सरकत असे आणि दुसरे अक्षर कागदावर उमटत असे. आज मोबाइलमध्ये काहीच सरकत नाही, पण नाव राहून गेले.

तर पाळी, हलवणे, सरकवणे, बदलणे असे या शब्दाचे अर्थ झाले. आता मनात प्रश्न येतो. घर हलवणे आणि कारखान्यातली पाळी यांचा एकमेकांशी संबंध काय?

शब्दाचे मूळ

या प्रश्नाचे उत्तर हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत सापडते. त्या काळच्या इंग्रजीत ‘शिफ्तान’ असा एक शब्द होता. त्याचा अर्थ होता वाटून देणे, हिस्से करणे, नीट लावून ठेवणे. म्हणजे शिफ्टचा मूळ अर्थ पाळी नव्हे आणि हलवणेही नव्हे. मूळ अर्थ वाटणी.

उत्तर युरोपातल्या इतर भाषांत या शब्दाची भावंडे आहेत. स्वीडन देशात वडिलोपार्जित मालमत्तेच्या वाटणीला जो शब्द आहे, त्यात आजही हाच शब्द बसलेला आहे. आपल्याकडे तलाठ्याच्या दप्तरात जशी ‘वाटप’ची नोंद होते, तसाच तो प्रकार.

मग वाटणीचा अर्थ बदलून ‘हलवणे’ कसा झाला? हे समजायला कठीण नाही. चार भावांत जमीन वाटली म्हणजे बांध सरकतात. कुणाचे बैल या गोठ्यातून त्या गोठ्यात जातात. कुणाचे बिऱ्हाड मागच्या दारी जाते. वाटणी झाली की वस्तूंची जागा बदलते. लोक हळूहळू त्या जागा बदलण्यालाच शिफ्ट म्हणू लागले. पुढे कपडे बदलण्यालाही तोच शब्द आला, आणि इंग्लंडात बायकांच्या आतल्या झग्याला ‘शिफ्ट’ असे नाव पडले. वेळ मारून नेण्यापुरती जी तात्पुरती सोय करतात तिला ते ‘मेकशिफ्ट’ म्हणतात. पावसाळ्यात छपरावर टाकलेली ताडपत्री ही मेकशिफ्ट सोय.

कामाच्या पाळीचा अर्थ बराच मागून आला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणींत हा शब्द त्या अर्थाने वापरात आलेला दिसतो. खाणीत एक टोळी खाली उतरे, दुसरी वर येई. माणसे बदलत, काम चालूच राही. ही झाली शिफ्ट. यात बदलण्याचाही अर्थ आहे आणि वाटणीचाही आहे. कारण इथे दिवसाचीच वाटणी केलेली आहे.

आपला शब्द : पाळी

आपल्या भाषेत यासाठी ‘पाळी’ हा शब्द आहे, आणि तो काही शिफ्टपेक्षा कमी कसाचा नाही. कालव्याचे पाणी शेतकऱ्यांना पाळीने मिळते. आज तुझी पाळी, उद्या माझी. जात्यावर दोघी बसल्या तर आळीपाळीने ओढतात. ‘पाळी’ या शब्दात न्याय आहे. ज्याची पाळी संपली त्याने बाजूला व्हायचे आणि दुसऱ्याला जागा द्यायची. पाळी संपतच नसेल तर ती पाळी कसली?

जुन्या काळी आपल्याकडे दिवस-रात्रीचे आठ प्रहर मानीत. एक प्रहर तीन तासांचा. चार प्रहर दिवसाचे, चार रात्रीचे. पहारेकरी प्रहराप्रहराने बदलत. ‘पहारा’ हा शब्दच प्रहरावरून आला. म्हणजे वेळ वाटून काम करण्याची कल्पना आपल्याला नवी नव्हती. नवी होती ती गिरणी, आणि गिरणीतला विजेचा दिवा.

मुंबईत शिफ्ट कशी आली

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढायला घेतली. पुढे गिरण्या वाढत गेल्या. सुरुवातीच्या गिरण्यांत पाळी अशी नव्हतीच. उजाडले की काम सुरू आणि मावळले की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम जास्त. आठवड्याची सुट्टीही नव्हती.

याविरुद्ध नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळीतले ते कार्यकर्ते. १८८४ साली त्यांनी गिरणीकामगारांना एकत्र केले आणि आपल्या मागण्या लिहून काढल्या. १८९० साली मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपण रविवारी आराम करतो त्यामागे ही खटपट आहे.

पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले. दिवे आले म्हणजे सोय झाली असे वाटते. पण कामगाराला त्याचा पहिला अनुभव उलटा आला. अंधार पडला तरी काम थांबेना. सूर्य मावळला की सुटका, हा जुना हिशेबच मोडला. तेव्हा सूर्याची जागा कायद्याने घ्यावी लागली.

कायदा हळूहळू आला. १९११ साली कापडगिरण्यांतल्या पुरुषांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा ठरली. १९२२ साली आठवड्याला साठ तास ठरले. १९३४ साली चोपन्न. १९४६ साली अठ्ठेचाळीस. या शेवटच्या बदलाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे सरकारात मजूर खात्याचे काम पाहत होते. स्वातंत्र्यानंतर १९४८ सालच्या कारखाना कायद्यात हीच अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा कायम झाली. दिवसाला नऊ तासांच्या वर काम नको, सलग पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची विश्रांती हवी, आणि जादा कामाला दुप्पट दर हवा, असे त्यात लिहिले होते.

आठ तास हा आकडा मात्र एकट्या हिंदुस्थानचा नाही. ब्रिटनमधले रॉबर्ट ओवेन यांनी दोनशे वर्षांपूर्वीच सांगितले होते, की दिवसाचे तीन सारखे भाग करावेत. एक कामाचा, एक झोपेचा, एक स्वतःचा. १८५६ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरातल्या गवंड्यांनी आठ तास मिळवले. १८८६ साली अमेरिकेत शिकागो शहरी याच मागणीसाठी रक्त सांडले, आणि त्याच्या आठवणीने १ मे हा कामगार दिन झाला. १९१९ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने आपला पहिलाच ठराव आठ तासांबद्दल केला.

आठ तासांचा दिवस ठरला म्हणजे चोवीस तासांत तीन पाळ्या बसतात. मुंबईच्या गिरण्यांत पहिली, दुसरी आणि तिसरी पाळी झाली. भोंगा वाजला की पाळी बदले. वाटणी तीन भागांत झाली.

काम शिफ्ट झाले, शिफ्टही बदलली

भिवंडीत हातमागाचा धंदा जुना. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेकडून आलेली मोमीन विणकरांची पुष्कळ कुटुंबे इथे स्थिरावली. वीज आली तसे हातमागाच्या जागी यंत्रमाग बसू लागले. पुढे तेलंगणातले पद्मशाली आले, उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार आले, कोकण-घाटावरचे मराठी कामगार आले.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणीकामगारांचा मोठा संप सुरू झाला. तो लांबला. कित्येक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत. कापड मात्र लागतच होते. ते विणण्याचे काम यंत्रमागांच्या गावांकडे अधिकाधिक वळले, आणि भिवंडीचे माग वाढले. म्हणजे मुंबईचे काम भिवंडीला ‘शिफ्ट’ झाले असेच म्हणायचे.

पण काम आले तशी पाळी आली नाही. मुंबईच्या गिरणीत दिवसाचे तीन भाग होते. यंत्रमागाच्या कारखान्यांत बहुतेक ठिकाणी दोनच भाग राहिले. बारा तास दिवसाचे, बारा तास रात्रीचे. जुन्या हिशेबाने चार प्रहर आणि चार प्रहर.

जरा पाटीवर हिशेब करू. दिवसाला बारा तास, आठवड्याला सहा दिवस. बारा साहे बहात्तर. कायद्याचे तास अठ्ठेचाळीस. वरचे तास चोवीस. चोवीस तास म्हणजे आठ तासांच्या तीन पाळ्या. म्हणजे हा कामगार सहा दिवसांत नऊ दिवसांचे काम करतो. मग त्याचा पगार किती दिवसांचा? सहाचा, नवाचा, की जादा तासांच्या दुप्पट दराने त्याहून जास्तीचा?

इथे मुकादम म्हणेल, “अरे, तुला तासावर कुठे पैसे मिळतात? तू मीटरवर काम करतोस. जितकं कापड तितके पैसे.” हे बोलणे ऐकायला बरोबर वाटते. पण १९४८ च्या कायद्याने मीटरवर काम करणाऱ्यालाही जादा कामाच्या दुप्पट दरातून वगळले नव्हते. त्याची आधीच्या महिन्यातली रोजची सरासरी कमाई काढायची आणि तिच्यावरून तासाचा दर धरायचा, अशी रीत त्यात घालून दिली होती. समजा, तो दर तासाला साठ रुपये निघाला. तर जादा तासाचे एकशेवीस रुपये होतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतही जादा कामाला दुप्पट दर ही गोष्ट राहिली आहे. पण एक बदल ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १९४८ च्या मूळ कायद्याप्रमाणे विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा कामगार असले की तो कायदा लागू होई. आता त्यासाठी वीस कामगार लागतात. छोट्या छोट्या कारखान्यांच्या गावात या आकड्याला फार महत्त्व आहे. एकाच छपराखालचे माग कागदावर तीन-चार नावांनी वाटलेले असले, तर माणसांचा आकडाही वाटला जातो. म्हणून आपण ज्या ठिकाणी काम करतो त्याचे कागदावरचे नाव काय, आणि तिथे एकंदर माणसे किती, हे प्रत्येकाला माहीत असावे.

जी शिफ्ट कुणी मोजत नाही

शिफ्टचा परिणाम कारखान्याच्या दारात थांबत नाही. एका खोलीत दिवसपाळीवाले आणि रातपाळीवाले आळीपाळीने झोपतात. एक उठला की त्याच वळकटीवर दुसरा आडवा होतो. म्हणजे खोलीचीही शिफ्ट झाली. भिशीतली जेवणाची वेळ शिफ्टवर ठरते. आठवड्याने पाळी उलटली की झोप मोडते, पोट बिघडते. शरीर काही दिवसरात्रीचा हिशेब एका दिवसात बदलत नाही. रातपाळी करणाऱ्याने दिवसा सलग झोप घ्यावी, खोलीत अंधार करावा, आणि झोप येत नाही म्हणून गोळ्या किंवा दारू जवळ करू नये. घरच्यांनीही त्या वेळी त्याला हाक मारू नये.

आणि घरची बाई? नवरा रातपाळीचा आणि मुलगा दिवसपाळीचा असला तर तिची चूल दोन्ही पाळ्यांना पेटते. शिवाय काही घरांत बायका कांड्या भरण्यासारखे बारीकसारीक काम करतात. तिच्या कामाला भोंगा नाही, हजेरी नाही. शिफ्टचा मूळ अर्थ वाटणी आहे, हे तिच्या बाबतीत घरच्यांनी आठवावे. पाणी भरणे, मुलाला शाळेत पोचवणे, भांडी विसळणे यांतही पाळी लावता येते.

आपली वही आपण लिहावी

एवढे वाचल्यावर कुणी म्हणेल, “मास्तर, हे सगळं खरं. पण आमच्या हातात काय आहे?”

दादा, तुमच्या हातात पेन्सिल आहे. दहा रुपयांची वही घ्या. रोज काम सुटल्यावर एक ओळ लिहा. तारीख, शिफ्ट, आल्याची वेळ, सुटल्याची वेळ, किती माग चालवले, किती मीटर निघाले. उदाहरणार्थ :

‘ता. ५. रात. आलो ८. सुटलो ८. माग ६. मीटर —.’

मधे वीज गेली तर तेही लिहा. उचल घेतली तर तीही लिहा. महिनाभर हे केले तर हिशेबाच्या दिवशी शेठजींच्या वहीशेजारी तुमचीही वही असेल. दोन वह्या जुळल्या तर चांगलेच. जुळल्या नाहीत तर कुठे जुळत नाहीत ते बोट ठेवून दाखवता येते. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. लिहिलेली ओळ जागेवर राहते. युनियनकडे जा, सरकारी कामगार कार्यालयात जा, पहिला प्रश्न हाच येतो, “काही लिहिलेलं आहे का?”

शिफ्ट या शब्दाचा प्रवास असा आहे. वाटणीपासून निघून तो हलवण्यापर्यंत गेला, आणि तिथून कामाच्या पाळीपर्यंत आला. दिवस चोवीस तासांचा. त्यातला किती भाग यंत्राचा, किती झोपेचा आणि किती आपल्या माणसांचा, ही वाटणी नीट व्हावी म्हणून शंभर-दीडशे वर्षे लोक झगडले. आपल्या वाट्याला किती आले, हे मोजायला आधी आकडे आणि अक्षरे यावी लागतात.

ध्यानात ठेवा

१. शिफ्टचा मूळ अर्थ वाटणी करणे. नंतरचे अर्थ हलवणे, बदलणे, पाळी.
२. आठ तासांची पाळी असली तर दिवसाचे तीन भाग होतात. बारा तासांची असली तर दोनच.
३. जादा कामाला दुप्पट दर, असे कायदा सांगतो.
४. कामाची नोंद स्वतःच्या वहीत रोज करावी.

शब्द वाचा व लिहा

शिफ्ट, पाळी, प्रहर, हजेरी, हिस्सा, वाटणी, यंत्रमाग, रातपाळी, अठ्ठेचाळीस.

‘शिफ्ट’ लिहिताना ‘फ’ अर्धा करून ‘ट’ला जोडावा.

प्रश्न

१. “घर शिफ्ट केले” आणि “रातची शिफ्ट” यांत शिफ्टचे अर्थ कोणते?
२. रविवारच्या सुट्टीसाठी मुंबईत कोण झटले? ती कोणत्या साली मिळाली?
३. एक कामगार रोज दहा तास, आठवड्यातून सहा दिवस काम करतो. अठ्ठेचाळीस तासांच्या वर त्याचे किती तास झाले?
४. तुमच्या घरात कोणाचे काम मोजले जात नाही? ते कसे वाटून घेता येईल? चार ओळी लिहा.